गव्हाला मासळीचा वास

आमच्या रत्नागिरीत गहू पिकत नाही. कातळावर पिकतं ते गवत, आणि सरकारी घोषणा. आम्ही भातावर वाढलेली माणसं. पण डॉक्टरांनी निम्म्या गावाला साखर आहे म्हणून सांगितलं, रात्रीचा भात तोडला आणि पोळीवर आणून बसवलं. तेव्हापासून आगोटीच्या बेगमीत, म्हणजे पाऊस लागायच्या आधी घराघरात जो साठा होतो त्यात, सुक्या बोंबलांच्या शेजारी गव्हाचं पोतंही उभं राहू लागलं. हा गहू कुठून येतो, त्यावर काय मारलेलं असतं, हे कुणी विचारत नव्हतं. ते विचारण्यासाठी आम्ही एक गट काढला.

गट म्हणजे सर. सर निवृत्त प्राध्यापक, शाकाहारी, खादी, आवाज सभागृहाला पुरेल एवढा. त्यांच्याभोवती आम्ही बाकीचे: शिक्षिका, बँकेतल्या दोघी, तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एक बाई, आणि मी. माझ्याकडे पत्रकं होती. कॉलेजात मी वर्गात कमी आणि पत्रकांवर जास्त शिकले. पत्रकाचा नियम सोपा असतो, पहिल्याच ओळीत शत्रू दिसला पाहिजे. आमच्या पत्रकाची पहिली ओळ मी लिहिली होती: ‘तुमच्या ताटात बुरशीनाशक वाढलंय कुणी?’ सरांना ती इतकी आवडली की त्यांनी खाली स्वतःचं नाव टाकलं.

माझा राग खोटा नव्हता. आंब्याला मोहोर आला की आमच्याकडे भुरी, करपा असे बुरशीचे रोग पडतात, आणि बागेबागेत पंप सुरू होतात. तोंडाला साधा रुमाल बांधून पोरं फवारतात, त्याच हातांनी भाकरी मोडतात. डब्यावर काय लिहिलंय ते दुकानदारालाही वाचता येत नाही. हे बघत मोठी झाले. त्यामुळे फवारणी म्हटलं की माझं डोकं तापायचं, आणि तापलेलं डोकं सरांना लागायचंच.

सरांनी इंटरनेटवरून राजस्थानातला एक शेतकरी शोधला. तो रासायनिक काही मारत नाही, शेणखतावर गहू करतो. ठरलं. आगोटीला गटातल्या सगळ्या घरांचा गहू त्याच्याकडून आणायचा. ट्रक हातखंब्याच्या तिठ्यावर माल उतरवणार, तिथून गावात आणायला टेंपो पाहिजे. मी म्हटलं, माझ्या मामाचा आहे.

मामाचा टेंपो मासळीचा. मिरकरवाड्याच्या जेटीवरून बर्फात घातलेले क्रेट उचलायचे आणि बाजारात, हॉटेलांत, कधी कोल्हापूरपर्यंत पोचवायचे, हा त्याचा धंदा. पण पावसाच्या तोंडावर मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि टेंपो रिकामा उभा राहतो. ते दोन महिने मामा सुका माल वाहतो. एका किराणावाल्याची डाळ-साखर, एका केटररचे तांदूळ आणि भांडी. त्यावरच घर चालतं. सरांनी भुवई वर केली, पण भाडं कमी म्हटल्यावर ती खाली आली.

मामाने टेंपो असा धुतला की मामी म्हणाली, “लग्नात मला कधी एवढं न्हाऊ घातलं नसेल यांच्या घरच्यांनी.” सोडा, साबण, आणि शेवटी आमसुलं भिजवलेलं पाणी. मासे साफ केल्यावर हाताचा वास घालवायला आम्ही जे वापरतो तेच त्याने अख्ख्या टेंपोला फासलं. मग दोन दिवस उन्हात उघडा ठेवला, आत नवी ताडपत्री अंथरली, उदबत्ती लावली. मी म्हटलं, “मामा, गहू आणायचाय, सत्यनारायण नाय घालायचा.” तो म्हणाला, “गप गो. तुझी माणसं नाकाची आहेत.”

पोती आली, घरोघर पोचली. सरांनी त्यातलं एक पोतं तिठ्यावरच स्वतःच्या गाडीच्या डिकीत घालून घेतलं. पहिल्या विषमुक्त पोत्यावर हात ठेवून आपल्या व्हरांड्यात फोटो काढायचा होता. फोटो निघाला. सर पोत्याकडे अशा प्रेमाने बघत होते की त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, तो फोटो पुढे कुणाला पाठवला नाही.

पहिली बोंब गिरणीवाल्याने मारली. बँकेतल्या एकीचा गहू दळला आणि त्याच्या मागून दळलेलं दळण परत आलं. कुणाच्या तरी ज्वारीच्या पिठाला मासळीचा वास. गिरणीवाला तिला म्हणाला, “ताई, बोंबील आणि गहू एकाच डब्यात ठेवलात काय?” तिने घरी पीठ मळलं, तवा तापला, आणि पहिल्या पोळीबरोबर घरात शिळा बांगडा शिरला. मग एकेक फोन सुरू झाले. शिक्षिकेकडे तेच, कचेरीच्या बाईंकडे तेच.

कुठल्याही दुसऱ्या गावात गव्हाला असा वास आला असता, तर लोकांनी गव्हाला विचारलं असतं, बाबा तुला काय झालंय. रत्नागिरीत कुणी विचारलं नाही. इथे मासळीचा वास कुठून येतो हा प्रश्नच नसतो. टेंपो कुणाचा होता? मासळीवाल्याचा. झालं. बाकीचा तपास बंद. आणि यात शाकाहारी-मांसाहारी असा काही फरक नव्हता बरं का. कचेरीच्या बाईंना सुरमईशिवाय रविवार जात नाही. त्याच मला म्हणाल्या, “आम्ही खातो हो, पण गव्हात नको ना.”

त्याच संध्याकाळी सरांनी गटाच्या व्हॉट्सअॅपवर लिहिलं: ‘मासळीच्या वाहनातून वाहतूक झाल्याने गव्हास दुर्गंधी आली आहे. दिलगीर आहोत. यापुढे केवळ शुद्ध वाहनातूनच धान्य आणले जाईल.’

शुद्ध वाहन! मी तो शब्द मोठ्याने वाचला. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. शुद्ध हा शब्द आमच्याकडे कुणी सहज वाचत नाही. आई उरलेल्या जुन्या पिठाची पोळी लाटता लाटता थांबली, म्हणाली, “वाहन तेवढं म्हटलंय ना? माणूस नाय ना म्हटलं? मग जेव.”

गाव लहान. तो मजकूर गटात राहिला नाही. किराणावाल्याने मामाला सांगितलं, “भाऊ, राग नको मानूस, पण डाळीला वास लागला तर माझं दुकान बसेल.” केटररने सांगितलंही नाही, दुसरा टेंपो बोलावला. होड्या वर चढल्या होत्या. मामाचा टेंपो वडाखाली उभा.

मी तावातावाने मामाकडे गेले, भांडायला चल म्हणून. बघते तर हा परत टेंपो धुतोय. परत आमसुलं. आणि मामी सांगते, सकाळपासून हा घरोघर जाऊन माफी मागून आला. बँकवालीकडे, शिक्षिकेकडे, सगळीकडे.

“माफी कसली मागतोस?” मी ओरडले. “एवढा धुतला होतास की!”

“वास आपलाच असणार गो,” मामा म्हणाला. “आणि कोणाचा येणार? आपल्याला कळत नाय, सवय झालीय नाकाला. लोकांना कळतं.”

मला सरांच्या मजकुराचा जेवढा राग आला नव्हता तेवढा या वाक्याचा आला. आयुष्यभर बर्फ उचलून हाताची सालं गेलेला माणूस, आणि दुसऱ्याच्या नाकावर त्याचा स्वतःच्या हातापेक्षा जास्त भरवसा.

दोन-तीन दिवसांनी सरांकडे पत्रकांचे उरलेले गठ्ठे आणायला गेले. सर घरी नव्हते. काकूंनी मला मागच्या पडवीत नेलं, दार लावलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुला म्हणून सांगते. हे बाहेर मासे खातात.”

मी म्हटलं, “कोण?”

“हेच. तुमचे सर. गाडीची डिकी उघडली की मिरकरवाडा! सदरे हुंगून बघितले मी. सदऱ्यांना नाही येत. म्हणजे पार्सल आणतात आणि गाडीत बसून खातात. या वयात! आणि आता तर कोठीच्या खोलीतसुद्धा येतो वास. तिथेही लपवून ठेवलंय कुठेतरी. सगळी खोली उपसली मी.”

“काकू,” मी म्हटलं, “कोठीच्या खोलीत नवीन काय आलंय?”

“काही नाही. तुमचा तो गहू.”

“तो टेंपोतून आला?”

“छे गं. तो यांनी आपल्या डिकीतून आणला. फोटो नव्हता का काढायचा!”

आम्ही दोघी कोठीच्या खोलीत गेलो. पोतं शिवलेलं होतं तसंच. काकूंनी विळीने शिवण कापली. मी कोपरापर्यंत हात आत घातला आणि मधला गहू काढून परातीत पसरला. वरवर बरा. पण नीट बघितलं तर मधूनमधून दाणे टोकाला काळे, काही चिरेवर काळे, काही आतून पोकळ, होडीसारखे. एक नखाने दाबला. काळी भुकटी बाहेर आली आणि तोच वास, शिळ्या बांगड्याचा. काकूंनी पदर नाकाला लावला आणि त्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, सुटका होती. “म्हणजे हे खात नाहीत,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तोच पार्सल आणून देतो म्हणून मी नातवावर पण संशय घेतला गं.”

मी तिथूनच राजस्थानात फोन लावला. शेतकरी भला माणूस, लपवाछपवी काही नाही. त्याचं हिंदी मी मराठीत सांगते. ओंब्या निसवत होत्या तेव्हा पाऊस झाला, नंतर ढग बसून राहिले. शेजारच्यांनी बुरशीचं औषध एकदा मारून घेतलं, त्यांचा गहू वाचला. याच्यात बंट शिरला. तिकडे त्या रोगाला बंट म्हणतात, तो दाण्यातच घर करतो. “मग तुम्ही का नाही मारलं?” मी विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, मी तुमच्या सरांना फोन केला होता. एकच फवारणी मारतो म्हटलं, कापणीला अजून बरेच दिवस आहेत. सर म्हणाले, एक थेंब जरी मारलास तर पोतं उचलणार नाही. बाजारात गव्हाचा भाव पडलेला, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीही गप्प बसलो. काळे दाणे चाळून काढले जमतील तेवढे.”

एक थेंबही नाही, हे वाक्य आमच्या पत्रकात होतं. पान दुसरं, ठळक.

दापोलीला माझी एक मैत्रीण पिकांचे रोग शिकवते. तिला फोटो पाठवले. ती आधी पोट धरून हसली. म्हणाली, “रत्नागिरीत हा गहू आणायचं कुणाला सुचलं? याचा वासच माशाचा असतो. पुस्तकात लिहिलेलं असतं. तुमच्याइतकं फसायला योग्य गाव भारतात दुसरं नाही.”

“विषारी आहे का?”

“हा नाही. याने पोळी खाववत नाही एवढंच. खरी भीती वेगळ्या बुरशींची. काहींचं विष गव्हात उतरतं आणि त्याला ना वास ना रंग. तुमच्या पावसात पोतं ओलं राहिलं तर साठवणीतही धरते बुरशी. तेव्हा विषमुक्त म्हणजे औषध न मारलेलं, एवढाच अर्थ घेऊन बसू नका.”

“म्हणजे फवारणीच करायची?” मी चिडून विचारलं.

“रोग बघून, वेळेवर, सांगितलंय तेवढीच, आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला नीट मास्क बांधून. बियाण्यालाही आधी औषध चोळायचं असतं. तू बागेत बघितलेस ते पंप म्हणजे औषधोपचार नव्हे, नुसती आंघोळ आहे. दोन्हीत फरक करायला शिक, मग ओरड.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिला मनातल्या मनात उत्तरं दिली. मग वही काढून तिचंच म्हणणं उतरवून घेतलं.

सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. ते पुसायला लागले की समजायचं, मुद्दा पटलाय आणि मान्य करायचा नाहीये.

“हे बघ,” ते म्हणाले, “आपला गहू रोगट निघाला असं आपणच जाहीर केलं तर कीटकनाशकवाले नाचतील. तू चळवळीतली मुलगी. तुला हे मी सांगायला हवं का?”

“टेंपोचं काय मग?”

“मासळीचा वास काय, जातो गं. आठवड्याभरात लोक विसरतील. रोगट गव्हाचा शिक्का मात्र जात नाही.”

“तो शिक्का आत्ता माझ्या मामावर आहे, सर.”

“तुझ्या मामांबद्दल मला आदरच आहे.”

“आदर टेंपोत भरता येत नाही. किलोला भाडं पण मिळत नाही त्याचं.”

“ठीक आहे, बैठकीत बघू.”

बैठकीत बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी स्वतः कितीतरी बैठकांत कितीतरी गोष्टी अशाच बघितल्या आहेत.

मी मामाकडे गेले आणि म्हटलं, रविवारी टेंपो सरांच्या फाटकाशी आण. तो येईना. “परत कशाला त्यांच्या दारात? मागितली ना माफी.” मी सांगितलं, वास गव्हाचा आहे. त्याने ऐकलं, मान हलवली, आणि विश्वास ठेवला नाही. त्याला वाटलं, भाचीला वाईट वाटतंय म्हणून रचून सांगतेय. शेवटी मामीने किल्ली माझ्या हातात दिली आणि त्याला म्हणाली, “तुम्ही नका येऊ. हिला गाडी चालवता येत नाय, वाटेत कुंपण घेऊन जाईल.” मग तो आला.

बैठक व्हरांड्यात. मी सगळ्यांना उठवून फाटकाशी आणलं आणि टेंपोचं मागचं दार उघडलं. “चढा,” मी म्हटलं. “हुंगा.”

“अगं, काय हा प्रकार!” सर म्हणाले.

“तुम्ही शुद्ध वाहन लिहिलंत. तपासा.”

कचेरीच्या बाई सगळ्यांत आधी चढल्या. अंगाने भरलेल्या, बँकेतल्या दोघींनी खालून ढकललं. आत जाऊन त्यांनी वाकून कोपरे हुंगले. “आमसुलं,” त्या आतून म्हणाल्या. “आणि उदबत्ती. अगदी देवळात सोलकढी सांडल्यासारखं वाटतंय.” शिक्षिका चढली, तीही तेच म्हणाली. मामा पुढच्या चाकाजवळ उभा होता, टायरकडे बघत, जणू तेच पंक्चर झालंय.

मग काकूंनी परात आणली. त्यांच्या कोठीतला गहू, कधी टेंपोत न बसलेला. कचेरीच्या बाईंनी काळा दाणा फोडून नाकाशी नेला आणि एकदम म्हणाल्या, “अगं बाई! हा मासळीचा वास नाहीच. मासळीला असा येत नाही. माझ्यासारख्या बाईला कळू नये? मीच कशी म्हटलं टेंपो टेंपो!”

“कारण टेंपो मासळीवाल्याचा होता,” मी म्हटलं.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सरांनी हात वर केला. “मित्रहो, हा निसर्गाचाच एक भाग आहे. थोडी बुरशी. मी स्वतः या गव्हाची पोळी खाऊन दाखवतो.”

“करणार कोण?” काकूंनी विचारलं.

पुढच्या वर्षीचं भांडण तिथेच सुरू झालं. शेतकऱ्याला गरज पडली तर एक फवारणी करू द्यायची की नाही? मी करू द्यायची म्हटलं, आणि तीही फक्त त्याने रोग कळवल्यावर, मैत्रिणीला दाखवून, कापणीआधी पुरेसे दिवस सोडून. बँकेतली एक म्हणाली, मग विषमुक्त नाव काढा. दुसरी म्हणाली, ठेवा, पण आधी आपला गहू तरी बुरशीमुक्त करा. सर म्हणाले, “तू बदललीस.” मी म्हटलं, हो. ते भांडण अजून चालू आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल.

पण टेंपोचा निकाल मला त्याच दिवशी हवा होता. “मजकूर टाका,” मी म्हटलं. सरांनी फोन काढला. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. मी डोकावले. ‘काही तांत्रिक कारणामुळे’ असं लिहिलं होतं.

“सर, तांत्रिक कारण वडाखाली उभं नाहीये. माणूस उभा आहे.”

काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. चष्मा नाकावर ओढून, एका बोटाने, सावकाश लिहिलं: ‘गव्हाला वास रोगामुळे आहे. टेंपोचा काही दोष नाही. आमचा गहू आमच्या गाडीतून आला, त्यालाही तोच वास आहे. टेंपोवाल्या भाऊंची माफी मागतो.’ आणि सरांकडे न बघता पाठवून दिलं. सरांच्या नावानेच गेलं. दुसऱ्याने लिहिलेलं सरांच्या नावाखाली गेलेलं बघून मला पहिल्यांदाच आनंद झाला.

मामाला मी तो मजकूर वाचून दाखवला. परातीतला एक काळा दाणा त्याने उचलला, फोडला, हुंगला, परत हुंगला. मग दुसरा उचलला.

किराणावाल्याने काही मामाला परत बोलावलं नाही. त्याने दुसऱ्याशी हंगामाचं ठरवून टाकलं होतं, आणि माफीचा मजकूर पहिल्या मजकुराएवढा फिरतही नाही. केटरर मात्र त्या आठवड्यात स्वतः आला. त्याला एका लग्नाचे तांदूळ, डाळी आणि रवा पाली गावात पोचवायचे होते. मी त्याच वेळी तिथे होते. त्याने टेंपोचं दार उघडलं, उगाच ताडपत्री बघितल्यासारखं केलं आणि डोकं आत घालून एक खोल श्वास घेतला. मामाने बघितलं. मला वाटलं, हा आता परत ओशाळून उभा राहील.

केटररने त्याच्या माणसांना पोती आणायला सांगितली. पहिलं पोतं दारापाशी आलं तसा मामा पुढे झाला आणि हात आडवा धरला.

“थांब. आधी पोत्याचं तोंड सोड.”

“कशाला?” केटरर म्हणाला.

“माल बघितल्याशिवाय आता मी गाडीत घेत नाय. उद्या वास आला तर नाव माझ्या गाडीचं होतं.”

केटरर हसला, पण मामा हसत नव्हता. मग पोत्याची सुतळी सुटली. मामाने मूठभर रवा हातावर घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगला. मान हलवली. “घे आत. दुसरं आण.” एकेक पोतं उघडून, एकेक हुंगून, त्याने सगळा माल चढवला. केटररची माणसं उन्हात ताटकळत उभी होती, आणि त्याला काही घाई नव्हती.